परड्यातल्या टाकीत मासा आजारी पडला तर

मासा पाण्यावर आडवा तरंगताना दिसला की हात आपोआप औषधाच्या बाटलीकडे जातो. ॲक्वापोनिक्समध्ये, म्हणजे मासे आणि भाजी एकत्र वाढवताना, नेमकं तेच करायचं नाही. या टाकीतलं पाणी खडीच्या वाफ्यातून फिरून परत टाकीत येतं. माशांनी सोडलेल्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जीवाणू त्या खडीवर बसलेले असतात, आणि तयार झालेल्या नायट्रेटवर पालक, टोमॅटो वाढतात. मासा, जीवाणू आणि भाजी असे तिघं एकाच पाण्यावर जगतात, त्यामुळे एकाला दिलेलं औषध तिघांच्या पोटात जातं. मत्स्यालयाच्या दुकानातली बरीचशी निळी-हिरवी औषधं जीवाणू मारतात. मोरचूद म्हणजे तांबं, ते खडीत साठून राहतं. मॅलॅकाइट ग्रीनला तर खाण्याच्या माशांसाठी बंदीच आहे. टाकीत असं काही ओतलं की दोन-तीन दिवसांत अमोनिया चढतो, आणि रोगातून वाचलेले मासेही त्यात जातात.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी पाणी तपासायचं, मग मासा वेगळ्या ड्रमात काढायचा, आणि उपचार त्या ड्रमातच करायचे.

पुढची मापं १००० लिटरच्या टाकीसाठी आहेत. तिला जोडलेला ४००-५०० लिटरचा खडीचा वाफा आणि टाकीत १० ते १५ किलो मासे (रोहू, सायप्रिनस म्हणजे कॉमन कार्प, चिलापी म्हणजे टिलापिया, किंवा कोई) असं धरलं आहे. २० किलोच्या वर मासे असतील तर खाली दिलेल्या प्रत्येक गोष्टीला तुमच्याकडे निम्माच वेळ आहे असं समजा.

सगळे की एकेक?

टाकीपाशी पाच मिनिटं नुसतं उभं राहा. सावली पाण्यावर पडू देऊ नका, मासे बुजतात आणि वागणं बदलतं. आता बघा. एकाच दिवशी सगळेच मासे बिघडले असतील तर दोष पाण्यात आहे. आठवडाभरात एकामागून एक पडत गेले असतील तर रोग शिरला आहे. एकच मासा कोपऱ्यात आहे आणि बाकीचे खाण्यावर झडप घालताहेत, तर बहुधा जखम किंवा मारामारी. ही विभागणी शंभर टक्के अचूक नाही, पण सुरुवात करायला याहून चांगली खूण नाही.

वेळही पुष्कळ सांगून जाते. पहाटे पाच-सहाला सगळे मासे वर तोंड काढून धापा टाकताहेत आणि ऊन वर आल्यावर सावरताहेत, तर रात्री ऑक्सिजन संपतो आहे. पाणी हिरवं असेल तर हे हमखास होतं, कारण दिवसा ऑक्सिजन देणारं शेवाळ रात्री तोच ऑक्सिजन ओढतं. नळाचं पाणी भरल्यावर तासाभरात मासे उड्या मारू लागले, भिंतीवर आपटू लागले, तर क्लोरीन. एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) जोरात चालू असूनही मासे पाणी पडतं तिथेच तोंड वर करून उभे असतील, तर अमोनिया, नायट्राइट किंवा कल्ल्यांचा रोग. मासा तळाला किंवा पाइपला अंग घासत असेल, मध्येच चमकून वळत असेल, तर अंगावर परजीवी आहेत.

कारण कळो न कळो, चार गोष्टी लगेच करा. खाणं बंद करा. मोठा मासा चार-पाच दिवस उपाशी राहिला तरी काही होत नाही. हवा वाढवा: दुसरा एअर स्टोन टाका, पंपाचं परत येणारं पाणी फूटभर उंचावरून पडू द्या. मेलेला मासा काढा, कारण एक पाव किलोचा कुजलेला मासा एका रात्रीत अमोनिया चढवतो. आणि पाणी मोजून आकडा वहीत लिहा.

पाण्याचे आकडे

तापमान, पीएच, अमोनिया, नायट्राइट हे चार आकडे पाहिजेतच. थेंब टाकून रंग बघायचा संच घ्या. कागदी पट्ट्या पावसाळ्यातल्या दमट हवेत लवकर खराब होतात आणि खोटं सांगतात. संचाच्या बाटलीवरची मुदत बघायला विसरू नका.

अमोनियाचा आकडा एकटा वाचायचा नसतो. संच दाखवतो तो एकूण अमोनिया. त्यातला विषारी भाग पीएच आणि तापमानावर ठरतो. पाणी २८ अंशांवर असताना पीएच ७ असेल तर एकूणपैकी जेमतेम ०.७ टक्के विषारी रूपात असतो. पीएच ८ झाला की तोच भाग साडेसहा टक्क्यांवर जातो, म्हणजे नऊपट. संचात २ मिलिग्रॅम प्रतिलिटर दिसलं तर पीएच ७ ला मासे तग धरतात, पीएच ८ ला कल्ले जळतात.

इथेच सगळ्यात महागडी चूक होते. जुन्या टाकीत जीवाणूंच्या कामामुळे पीएच हळूहळू उतरत जातो. तो ६ च्या खाली गेला की जीवाणूंचं काम मंदावतं आणि अमोनिया साठू लागतो, पण कमी पीएचमुळे तो निरुपद्रवी रूपात पडून असतो. मासे सुस्त दिसतात, मालक पीएच मोजतो, ५.८ बघून घाबरतो आणि चुना टाकतो. तासाभरात पीएच ८ वर, साठलेला सगळा अमोनिया विषारी, आणि टाकीतले मासे साफ. अशा वेळी आधी पाणी बदलून अमोनिया कमी करा, आणि तेही बेताने. बोअरचं पाणी बहुधा जड आणि पीएच ७.५ ते ८ च्या घरातलं असतं, ते एकदम ५० टक्के घातलं तर चुन्यासारखाच परिणाम होतो. दर पाच-सहा तासांनी १० टक्के, असं दोन दिवस करा. अमोनिया १ च्या खाली आला की मग पीएच दिवसाला फार तर ०.३ ते ०.५ ने वर आणा. त्यासाठी शिंपल्यांचा चुरा कापडी पिशवीत घालून पाणी पडतं तिथे टांगा. तो गरजेपुरताच विरघळतो. कळीचा चुना किंवा भिजवलेला चुना या टाकीला लावू नका.

पीएच ठीक आहे आणि अमोनियाच वाढला आहे, तर २० ते ३० टक्के पाणी बदला, सहा तासांनी पुन्हा मोजा, गरज पडली तर पुन्हा बदला. नवं पाणी टाकीच्या तापमानापेक्षा २-३ अंशांहून जास्त गार किंवा गरम नको. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं मे महिन्यातलं दुपारचं पाणी तर हात पोळेल इतकं तापतं, ते सकाळी भरून घ्या.

नायट्राइटची ओळख कल्ल्यांवरून पटते. निरोगी मासा उलटा करून कल्ल्याचं झाकण उचललं तर आत लालभडक दिसतं. नायट्राइटमध्ये रक्त ऑक्सिजन वाहू शकत नाही आणि कल्ले तपकिरी, कॉफीच्या रंगाचे होतात. नवी टाकी पहिल्या सहा आठवड्यांत असेल तर हीच शंका आधी घ्या. उतारा साधाच आहे: मीठ. १००० लिटरला २०० ग्रॅम जाडं मीठ बादलीत विरघळवून तासाभरात थोडंथोडं घाला. त्यातून साधारण १२० मिलिग्रॅम प्रतिलिटर क्लोराइड मिळतं आणि ते नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. एवढ्या मिठाने भाजीला काही होत नाही. मीठ साधं घ्या. आयोडीन आणि गुठळ्या होऊ नयेत म्हणून घातलेली पावडर नसलेलं. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत पोत्यातलं जाडं मीठ मिळतं, ते चालतं.

क्लोरीनचा प्रश्न पावसाळ्यात जास्त येतो. पंचगंगेचं पाणी गढूळ झालं की नळाच्या पाण्याला ब्लिचिंगचा वास जास्त जाणवतो. नळाचं पाणी वेगळ्या बॅरलमध्ये एअर स्टोन लावून २४ ते ४८ तास ठेवा आणि मगच वापरा. घाई असेल तर सोडियम थायोसल्फेट, म्हणजे फोटोग्राफर वापरायचे तो हायपो. १ मिलिग्रॅम क्लोरीनला सुमारे ७ मिलिग्रॅम हायपो लागतो. २०० लिटर नळाच्या पाण्यात क्लोरीन २ मिलिग्रॅम प्रतिलिटर धरलं तर ३ ग्रॅम पुरे. हायपो नव्या पाण्यातच घाला. मासे आधीच क्लोरीनमध्ये सापडले असतील तर मात्र थेट टाकीत घालायला हरकत नाही, आणि वाट न बघता घाला.

ऑक्सिजन मोजायचं यंत्र महाग असतं, पण गणित सोपं आहे. समुद्रसपाटीला २० अंशांच्या पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्रतिलिटर ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसात. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून ५५०-५७० मीटरवर असल्याने त्यातून आणखी सहा-सात टक्के वजा करा. माशांना किमान ५ पाहिजे. म्हणजे एप्रिल-मे महिन्यात वरकड फारच थोडी उरते आणि लाईट गेली की ती अर्ध्या-पाऊण तासात संपू शकते. १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची बॅटरी ५ वॅटचा डीसी एअर पंप निदान सात-आठ तास चालवते, ती आणाच. तोवर तांब्याने किंवा बादलीने टाकीतलंच पाणी वर उचलून ओतत राहणं हाच उपाय. लाईट सहा-आठ तासांनी आली तर पंप चालू करण्याआधी वाफ्यात तुंबलेलं पाणी बाहेर सोडून द्या. त्यात ऑक्सिजन उरलेला नसतो, सडक्या अंड्याचा वास येतो, आणि ते टाकीत आलं की अर्धमेले मासे पूर्ण मरतात.

वेगळा ड्रम

हा ड्रम मासे आजारी पडल्यावर आणायला धावायचं नाही. १०० ते २०० लिटरचा निळा ड्रम अर्धा कापून किंवा मोठा प्लास्टिकचा टब चालतो; आधी त्यात रसायन किंवा कीटकनाशक नव्हतं याची खात्री करा. सोबत छोटा एअर पंप, स्पंजचा फिल्टर, थर्मामीटर, वर झाकायला शेडनेट, आणि थंडीसाठी १०० लिटरला १०० वॅटचा हीटर. स्पंजचा फिल्टर एरवी मुख्य टाकीतच चालू ठेवा, म्हणजे त्यावर जीवाणू बसलेले असतात आणि ड्रम पहिल्या दिवसापासून काम करतो. ड्रमासाठी जाळी, बादली आणि पाणी उपसायची नळी वेगळी. त्यांवर लाल इन्सुलेशन टेप गुंडाळून ठेवा म्हणजे घाईत अदलाबदल होत नाही.

पाणी निम्मं मुख्य टाकीतलं, निम्मं क्लोरीन गेलेलं ताजं. ड्रमातलं पाणी रोज एक तृतीयांश बदला आणि जितकं काढलं तितक्याच पाण्याचं मीठ नव्या पाण्यात घाला. ड्रमातलं पाणी परत टाकीत किंवा वाफ्यात कधीच ओतायचं नाही, नारळाच्या आळ्यात थोडं गेलं तर चालेल, गुलाबाच्या किंवा आंब्याच्या बुंध्याशी नको.

मासा पकडताना

पकडण्यात जितके मासे जखमी होतात तितके क्वचितच कशाने होत असतील. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर हेच त्याचं कातडीचं संरक्षण. तो खरवडला की जीवाणू आणि बुरशीला दार उघडं. गाठी नसलेली मऊ जाळी घ्या. कोरड्या हाताने मासा धरू नका. सकाळी पाणी गार असताना, दोघांनी मिळून, एकाने जाळीने माशाला कडेला आणायचं आणि दुसऱ्याने पाण्याखालीच टब धरून त्यात घ्यायचं. मासा पाण्याबाहेर असण्याचा काळ ३० सेकंदांच्या आत ठेवा.

जखम साफ करायची असेल तर मासा शांत करावा लागतो. त्यासाठी लवंगाचं तेल: २० लिटर पाण्याला १ मिलिलिटर. तेल पाण्यात मिसळत नाही, म्हणून आधी झाकणाच्या बाटलीत पाव लिटर कोमट पाणी आणि तेल घालून दुधासारखं पांढरं होईपर्यंत हलवा, मग टबात ओता. तीन-चार मिनिटांत मासा कलंडतो, पण कल्ले हलत राहिले पाहिजेत. कल्ल्यांची हालचाल मंदावली तर ताबडतोब स्वच्छ, हवा सोडलेल्या पाण्यात न्या आणि तोंडासमोर पाण्याची धार धरा. तेल वापरलेला मासा त्या हंगामात खाऊ नका.

जखमा

आधी जखम कशाने झाली ते शोधा, नाहीतर आज एक बरा कराल आणि उद्या दुसरा जखमी होईल. टाकीला जाळी नसेल तर बगळा आणि खंड्या पहाटेच येऊन जातात. बगळ्याची चोच पाठीवर खोल, टोकदार भोक पाडते, मांजराचे ओरखडे समांतर असतात. एका बाजूचे खवले गेलेले आणि डोळा सुजलेला असेल तर मासा उडी मारून कडेवर आपटला. शेपटी कुरतडल्यासारखी आणि मोठा नर बाकीच्यांमागे लागलेला, हे चिलापीत नेहमीचं. विणीच्या वेळी नर खड्डा राखतो आणि जवळ येणाऱ्याला मारतो. लहान माशाच्या अंगावर गोल लाल वळ असेल तर तो पंपाच्या ओढीला चिकटला होता. पंप भोकं पाडलेल्या टोपलीत बसवा. पीव्हीसी पाइप करवतीने कापल्यावर कडा पॉलिश पेपरने घासल्या नसतील तर त्याही कापतात.

चार-दोन खवले गेले, पर थोडा फाटला, मासा खातो आहे, अशा वेळी त्याला हात लावू नका. पाणी चांगलं असेल तर मुख्य टाकीतच बरा होतो, आणि पकडण्याने जास्त इजा होते. मांस दिसत असेल, जखम दहा रुपयांच्या नाण्याहून मोठी असेल, किंवा बाकीचे मासे टोचत असतील तरच ड्रमात काढा.

ड्रमात मीठ ३ ग्रॅम प्रतिलिटर, म्हणजे १०० लिटरला ३०० ग्रॅम. दिवसभरात तीन हप्त्यांत घाला. खोल जखमेतून सतत पाणी आत शिरतं आणि अंगातले क्षार बाहेर जातात, त्यामुळे माशाची शक्ती पाणी बाहेर टाकण्यातच खर्च होते. मीठ हा ताण उतरवतं. जखमेवर पोव्हिडोन आयोडीन (औषधाच्या दुकानातलं ५ टक्क्यांचं द्रावण) दहापट पाण्यात मिसळून कापसाच्या काडीने हलकेच लावा, दहा सेकंद थांबा, पाण्याने धुवा. कल्ले, डोळे आणि तोंडाजवळ आयोडीन जाता कामा नये. दोन दिवसांतून एकदा, असं एकूण फार तर तीन वेळा. रोज पकडून लावण्याने जखम चिघळते.

बरं होण्याची खूण अशी: कडा आधी पांढुरक्या होतात, मग मधला भाग गुलाबी आणि शेवटी काळसर रंग भरत येतो. पराचा तळ शाबूत असेल तर फाटलेला पर तीन-चार आठवड्यांत भरून येतो. जखमेभोवतीचा लालपणा रोज पसरत असेल तर जीवाणू शिरले आहेत.

रोग

पांढरे ठिपके. अंगावर, परांवर रव्याचे दाणे चिकटल्यासारखे. हा परजीवी कातडीच्या आत असतो तोवर कशालाच दाद देत नाही; मोठा होऊन खाली पडतो, तळाशी फुटून शेकडो पिल्लं सोडतो, आणि ती नवा मासा शोधत पोहतात तेवढाच त्यांना मारायचा काळ. २५ अंशांच्या वर हे चक्र आठवड्याच्या आत फिरतं, थंड पाण्यात कित्येक आठवडे लागतात. म्हणून ठिपके गेले की उपचार थांबवले, आणि दहा दिवसांनी दुप्पट ठिपके आले, असं होतं.

एका माशावर ठिपके दिसले तेव्हा टाकी सगळीच लागलेली असते. एकच मासा काढून भागत नाही. जागा असेल तर सगळे मासे दुसऱ्या टाकीत लिटरला ३ ग्रॅम मिठाच्या पाण्यात दोन आठवडे (थंडीत तीन) ठेवा. पाणी २८-३० अंशांवर ठेवलं तर चक्र लवकर संपतं, पण हवा वाढवा. मुख्य टाकी तोवर माशांशिवाय चालू ठेवा. माशाविना ही पिल्लं दोन दिवसांत मरतात; सगळी पुरती संपायला उन्हाळ्यात दहा दिवस, थंडीत तीन आठवडे धरा. खडीतले जीवाणू उपाशी मरू नयेत म्हणून रोज मूठभर खाद्य टाकीत टाकून कुजू द्या. दुसरी टाकी नसेल तर मुख्य टाकीत मीठ दोन दिवसांत लिटरला २ ग्रॅमपर्यंत चढवा. टोमॅटो, पालक सोसतात. घेवडा आणि स्ट्रॉबेरी आधी काढून घ्या, त्या जळतातच. मीठ उडून जात नाही, झाडंही ते फारसं घेत नाहीत, त्यामुळे नंतर पाणी बदलूनच ते उतरवावं लागतं.

कापसासारखं पांढरं. इथे दोन वेगळे रोग सारखे दिसतात आणि उपाय उलट असतात. खरी बुरशी जुन्या जखमेवर येते, लांब रेशमी धागे असतात, पाण्यात हलतात, आणि ती थंडीत येते. डिसेंबर-जानेवारीत कोल्हापुरात रात्री पारा १५ च्या खाली उतरतो, छोट्या टाकीतलं पाणी १८ च्या आसपास येतं, आणि चिलापी व पंगस थंडीने अशक्त होतात. चिलापी १६-१७ अंशांना खाणं सोडतो, १०-१२ ला मरतो. बुरशीला ऊब आणि ३ ग्रॅम मीठ पुरतं. दुसरा रोग जीवाणूंचा: तोंडाभोवती किंवा पाठीवर खोगीर टाकल्यासारखा करडा-पांढरा, पिवळसर काठाचा पट्टा, धागे आखूड, चिकट. तो गरम पाण्यात पेटतो आणि दोन-तीन दिवसांत मारतो. त्याला हीटर लावाल तर मासा लवकर जाईल. पाणी २४-२५ वर उतरवा, गर्दी कमी करा, ड्रमात मीठ ३ ग्रॅम ठेवा. खाद्याचा मारा आणि साचलेली घाण हेच त्याचं मूळ असतं, तेव्हा टाकीचा तळही उपसा.

लाल व्रण, सुजलेलं पोट. खवले फणसाच्या काट्यांसारखे उभे राहिले, डोळे बाहेर आले, तर आतले अवयव निकामी झालेले असतात. असा मासा बहुधा वाचत नाही. नुसते लाल व्रण असतील तर ड्रम, मीठ, आयोडीन आणि दहा दिवसांची वाट. थंडीच्या सुरुवातीला मरळ किंवा रोहूवर खोलवर मांस खाणारे व्रण आले तर तो बुरशीजन्य व्रणरोग असू शकतो. १९८८ च्या सुमारास तो भारतात शिरला. सायप्रिनस आणि चिलापी त्याला सहसा बळी पडत नाहीत. अँटिबायोटिक स्वतःच्या मनाने देऊ नका. क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरान यांना मत्स्यपालनात बंदी आहे, आणि बाकीच्यांचा अंश खाणाऱ्याच्या ताटात येतो. मासे पडतच असतील तर मत्स्यव्यवसाय खात्याच्या जिल्हा कार्यालयात विचारा. रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे. नमुना कसा आणायचा ते फोनवर विचारून मगच निघा. मरून चार तास झालेला मासा तपासणीला निरुपयोगी असतो.

उवा आणि किडे. ५ ते १० मिलिमीटरची चपटी, हिरवट पारदर्शक चकती अंगावर सरकताना दिसली तर माशाची ऊ. मासा शांत करून चिमट्याने काढा आणि जागेवर आयोडीन लावा. तळ्यात यावर कीटकनाशक मारतात. इथे ते अजिबात नाही. ऊ अंडी गुळगुळीत कठीण जागी चिकटवते. तीन-चार फरशीचे तुकडे टाकीत उभे ठेवा आणि दर पाच-सहा दिवसांनी काढून उन्हात कडकडीत वाळवा. महिनाभर हे केलं की संख्या मोडते. रंकाळा, कळंबा तलावातून किंवा नदीतून पकडलेला मासा, जलपर्णी, शिंपला टाकीत सोडला की बहुतेक वेळा याच वाटेने हे पाहुणे येतात. विकत आणलेलं मत्स्यबीजही तीन-चार आठवडे वेगळं ठेवा.

पावसाळ्यातल्या दोन गोष्टी

जुलैतला पाऊस उघड्या टाकीत पडत राहिला की पाण्यातले क्षार पातळ होतात आणि पीएच धरून ठेवणारी ताकदच जाते. मग तो एका रात्रीत घसरतो. वर छप्पर करा, आणि पत्र्याचं पाणी टाकीत घेऊ नका, जस्त उतरतं. त्याच कारणाने उद्यमनगरातून आणलेली जस्ताची, पितळेची किंवा तांब्याची जोडणी पाण्याला लागू देऊ नका.

डेंग्यूच्या दिवसांत धूरफवारणीची गाडी येते. त्यातली कीटकनाशकं माशांना अतिशय विषारी असतात, आणि एअर पंप तो धूर ओढून थेट पाण्यात सोडतो. गाडीचा आवाज आला की टाकी ताडपत्रीने झाका आणि एअर पंप १५ मिनिटं बंद ठेवा. पाण्याचा पंप चालू राहू द्या. एअर पंप घरात ठेवून नळी बाहेर काढली तर आणखी बरं. शेजारी उसावर फवारणी असेल तरी हेच. वाफ्यातल्या भाजीवर निंबोळी तेल किंवा साबणाचं पाणीही मारू नका.

खाद्याचं पोतंही याच दिवसांत बुरसतं. वास कुबट आला, गोळ्या चिकटल्या, तर फेकून द्या. चिरमुरे आणि भाकरीचे तुकडे पाणी नासवतात, पोट भरत नाहीत.

जो वाचणार नाही

पाठीचा कणा मोडलेला, दोन्ही कल्ले कुजलेले, तीन दिवस तळाला आडवा पडलेला मासा तडफडत ठेवू नका. २० लिटर पाण्यात ८ मिलिलिटर लवंग तेल, वर सांगितल्याप्रमाणे हलवून. कल्ले थांबल्यावर आणखी दहा मिनिटं तसाच ठेवा. मग दोन फूट खड्ड्यात चुना टाकून पुरा. खत-खड्ड्यात, नाल्यात किंवा रंकाळ्यात टाकू नका, कुत्र्या-मांजरांना घालू नका. व्रण, सूज असलेला किंवा औषध दिलेला मासा स्वयंपाकघरात न्यायचा नाही. हाताला कापलेलं असेल तर हे सगळं रबरी मोजे घालून करा, काही जीवाणू माणसाच्या जखमेत शिरून महिनोन्‌महिने न भरणारी गाठ करतात.

परत सोडताना

लक्षणं पूर्ण गेल्यावर सात दिवस माशाला ड्रमातच खाऊ द्या. त्या आठवड्यात नव्या पाण्यात मीठ घालणं थांबवा, म्हणजे रोजच्या बदलाने ते आपोआप उतरतं. शेवटच्या दिवशी दोन तासांत थोडंथोडं मुख्य टाकीचं पाणी ड्रमात घाला. संध्याकाळी, बाकीच्यांना खायला घालून झाल्यावर मासा सोडा; पोट भरलेले मासे नव्याच्या मागे लागत नाहीत. मग ड्रम, जाळी, नळी लिटरला ०.७ ग्रॅम ब्लिचिंग पावडर घातलेल्या पाण्यात तासभर बुडवा, दोनदा धुवा आणि दोन दिवस कडक उन्हात वाळवा. स्पंज मात्र फेकून द्या आणि नवा मुख्य टाकीत लावा. त्यावर जीवाणू बसायला चार ते सहा आठवडे लागतात.